दोन घोटांचं रडणं

दुरुस्तीवाल्याने स्पीकर वाजतो का ते बघायला बटण दाबलं, एवढंच झालं. त्यात त्या बिचाऱ्याचा काय दोष? कुणाचा तरी आवाज गेलेला फोन, त्याने नवा स्पीकर बसवला, फोन चालू केला, आणि मालकाने जिथे थांबवला होता तिथून त्यातला व्हिडिओ पुढे सुरू झाला. काउंटरच्या अलीकडे ती स्वतःच्या फोनची काच बदलून मिळायची वाट बघत स्टुलावर बसली होती. शेजारी कॉलेजातली एक पोरगी आणि टाय लावलेले एक गृहस्थ. खोक्याएवढं दुकान ते, आणि त्यात एका बाईचं कण्हणं असं काही भरून राहिलं की टायवाले गृहस्थ भिंतीवर लटकलेल्या चार्जरच्या किमती वाचायला लागले आणि पोरीने मान खाली घालून हसू दाबलं. दुरुस्तीवाल्याची तर तारांबळच उडाली. त्याने फोन उलटा केला, सुलटा केला, शेवटी उघड्या पाठीतून सरळ आतली तारच उपटली. "सॉरी हं मावशी," तो म्हणाला, "लोक काय काय भरून ठेवतात, आपल्याला काय माहीत!" आणि बघतो तर मावशी उठून उभी राहिलेली. "परत लावा," ती म्हणाली. "काय?" "परत लावा ना जरा. शेवटचं तेवढं." पोरीचं हसू जागच्या जागी गोठलं. टायवाले गृहस्थ वळून तिच्याकडे बघायला लागले. पांढरे होत आलेले केस, चष्मा, हातात कापडी पिशवी. "अहो मावशी, काहीतरीच काय!" दुरुस्तीवाला हसला, आणि ती हसत नाही म्हटल्यावर त्याचंही हसू ओसरलं. मग मात्र तिला आपण काय बोललो ते कळलं. कानशिलं तापली. फोन तसाच ठेवून ती दुकानाच्या पायऱ्या उतरली, आणि मागून कुणीतरी हलक्या आवाजात काहीतरी म्हणालं, त्यावर तिघंही हसली.

हसू देत. कण्हण्याच्या शेवटी त्या बाईने श्वास घेतला होता. आधी एक घोट, घशात अडकलेला, आणि तो आत जातो न जातो तोच त्यावर दुसरा, लहान मुलं घेतात तसा. हा श्वास तिचा होता. माणसाला आपला आवाज बाहेरून ऐकला तर ओळखू येत नाही म्हणतात, पण ते ज्यांचा संबंध नाही त्यांचं. हिने उभी हयात कानाला हेडफोन लावून स्वतःला ऐकण्यात घालवली होती. सिनेमांना आवाज देण्याचं काम. नायिकांसाठी गोड गळ्याच्या बायका होत्या, त्यांची नावं पडद्यावर यायची. हिच्या वाट्याला उरायचं ते बिनशब्दांचं: जिना चढून आलेल्या बाईची धाप, बुडणाऱ्या बाईच्या गटांगळ्या, बाळंतपणाच्या कळा, तापातलं बरळणं, दारामागे लपून रोखलेला श्वास. स्टुडिओत तिला उसासेबाई म्हणायचे. "उसासेबाईंना बोलवा रे, नायिका पडलीय विहिरीत!" असं कुणी ओरडलं की सगळे हसायचे, तीही हसायची, पर्स खुंटीला लावायची आणि आत जाऊन विहिरीत पडायची. कामाचा तिला अभिमान होता. बोलणं कुणालाही जमतं, ती म्हणायची, न बोलता बोलून दाखवा. एकदा नवऱ्याने, लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर, कुठूनशी एक तसली कॅसेट आणली होती. दोघांनी दाराला कडी लावून, आवाज अगदी बारीक ठेवून ती बघितली, आणि थोड्या वेळाने हीच म्हणाली, "शी! श्वास कुठे घेतेय ही? ओठ मिटलेत आणि आवाज येतोय. कुणी केलंय हे डबिंग?" नवरा हसून हसून पलंगावरून पडायचा बाकी राहिला. म्हणजे ती काही सोवळ्यातली बाई नव्हती, जगाला शहाणपण शिकवणारी तर नव्हतीच. जे बघतात ते बघोत, असंच तिचं मत होतं, जर मत म्हणण्याइतकं ते काही असेल तर. आता रस्त्याच्या कडेने चालताना तिला वाटत होतं, समोरून येणाऱ्या प्रत्येक माणसाने ते ऐकलंय. हा सायकलवाला. हा बँकेतला. फुटपाथवर थांबून फोनमध्ये बघणारा तो सभ्य म्हातारा. कानात हेडफोनच्या गोळ्या घातलेले सगळेच्या सगळे.

"दोन घोटांत रडते माझी पोर," बाबा म्हणायचे. बाबा घड्याळं दुरुस्त करायचे, डोळ्याला भिंग लावून बसलेले असायचे, पण कान सगळीकडे. ती स्वयंपाकघरात मुसमुसायला लागली की बाहेरच्या खोलीतून विचारायचे, "पहिला झाला का? आता दुसरा येईल बघ." आणि दुसरा यायचाच. "पहिला घोट दुःखाचा," ते म्हणायचे, "आणि दुसरा हट्टाचा." तिला राग यायचा आणि त्या रागात रडण्याचं हसू व्हायचं. ते गेले त्या दिवशी एका पुराच्या सिनेमाचं काम चालू होतं. पडद्यावर छपरावर बसलेली एक बाई वाहून गेलेल्या मुलासाठी टाहो फोडत होती, आणि तो टाहो काही केल्या जमत नव्हता. काचेपलीकडून मास्तर, म्हणजे रेकॉर्डिस्ट, पुन्हा पुन्हा म्हणत होते, "बाई, हे रडणं झालं. मला रडू पाहिजे." मधल्या सुट्टीत व्हरांड्यातला फोन वाजला. भाऊ होता. "ताई, बाबा गेले," एवढंच बोलला आणि त्याला पुढे बोलवेना. तिने फोन ठेवला आणि ती आत गेली. घरी जायचं सोडून आत का गेली? हा प्रश्न तिने स्वतःला इतक्यांदा विचारलाय की आता त्याचं बोट धरूनच ती झोपते. आत अंधार होता म्हणून गेली. त्या वेळी तिला दुसरं काही नको होतं, नुसता अंधार हवा होता, आणि तिला माहीत असलेला सगळ्यात जवळचा अंधार तो होता. ती नेहमीच्या जागी उभी राहिली, कारण तिथे तिला दुसरीकडे कुठे उभं राहायची सवयच नव्हती. रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागला. पडद्यावर अजून बाई आली नव्हती, नुसतं पाणी होतं, आणि ती रडली. किती वेळ ते तिला कळलं नाही. दिवा विझला आणि हेडफोनमधून, थेट कवटीच्या आत, मास्तरांचा आवाज आला, "वा बाई, वा! एक नंबर! हे मी ठेवतो."

नंतर त्यांना कळलं. बाहेर येऊन त्यांनी हात जोडले, त्यांचे डोळे भरून आले, गाडीची सोय त्यांनीच केली. पण पुसलं नाही. पुराच्या सिनेमात ते रडणं लागलंही नाही, छपरावरच्या बाईपेक्षा ते फार मोठं झालं म्हणे. ते नुसतं राहिलं. आणि तिचं रडणं मात्र त्या दिवसापासून गेलं. पाणी यायचं डोळ्यांतून, आवाज यायचा नाही. तोंड उघडलं की आतून कुणीतरी 'वा बाई, वा!' म्हणायचं आणि गळा बंद व्हायचा. नवरा गेला तेव्हा शेजारणी पाठीवर हात फिरवत म्हणत राहिल्या, "रड गं बाई, मोकळी हो," आणि ती भिंतीला टेकून गप्प बसून होती. नणंद समोर बसून हंबरडा फोडत होती आणि मधून मधून तिच्याकडे बघत होती. ते बघणं अजून ती विसरलेली नाही. दगडाच्या काळजाची आहे वहिनी, असं कुणी म्हटलं नाही, पण म्हणायला कशाला लागतं!

दुकानातून ती घरी आली तर कपाटाचं दार बंद होतं आणि आतून गोष्ट ऐकू येत होती. तिची मुलगी लहान पोरांना गोष्टी सांगते. कपड्यांच्या कपाटात, लोंबणाऱ्या कोटांच्या मधे स्टूल टाकून बसते, कारण कपडे आवाज पितात. ही युक्ती आईनेच शिकवलेली. गोष्टीताई म्हणतात तिला. कुठल्या कुठल्या गावांतल्या आया संध्याकाळी पोरांच्या उशाशी तिचा आवाज लावून ठेवतात, आणि पोरं झोपतात. फोनवर मायलेकींतली कोण बोलतेय ते आत्यालाही ओळखू येत नाही. आज ती दाराशी उभी राहिली, चपलासुद्धा न काढता. "...अस्वलाने दार वाजवलं. कुणी उघडेना. पुन्हा वाजवलं." आणि मग, 'आणि मग' म्हणायच्या आधी, कपाटाच्या आतून तो श्वास आला. एक घोट. त्यावर दुसरा. "आणि मग..." मुलीच्या गोष्टींची हीच तर खूण होती, पोरं म्हणे घरी खेळताना ताईसारखा श्वास घेऊन दाखवतात. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. इतकी वर्षं या श्वासाचं तिला कौतुक वाटत आलं होतं. आजोबांना बघितलंही नाही पोरीने, आणि त्यांनी नाव ठेवलेला श्वास बरोब्बर उचललाय. आता तिच्या डोक्यात एकच गोष्ट घुसली आणि बाहेर पडेना: ज्याने ते ऐकलंय तो उद्या आपल्या पोराच्या उशाशी हे ऐकेल. त्याच्या मनात काय येईल? कपाट उघडलं. "आई! केव्हा आलीस? फोन झाला का?" "नाही," ती म्हणाली, "काच मिळाली नाही." आणि खोटं बोलताना आवाज कसा ठेवायचा हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार!

मग तो आवाज घरात राहायलाच आला. लिफ्टचं दार बंद होताना जो सुस्कारा टाकतं त्यात तो होता. नळाला पाणी येण्याआधी हवा गुरगुरते त्यात होता. वरच्या मजल्यावर कुणीतरी पलंग सरकवला की ती हातातलं काम टाकून छताकडे बघत राहायची. तिला त्या व्हिडिओतल्या बाईचा विचार यायचा. तिचं तोंड कसं असेल? तिला माहीत असेल का, की तिच्या उघड्या तोंडात कुणाचा तरी बाप मेलाय? तिचा स्वतःचा आवाज कुठे गेला असेल? तिनेही कधी काही वेगळंच म्हटलं असेल, नको म्हटलं असेल, आणि ते पुसून तिथे हे लावलं असेल. आणि मग ऐकणारे. त्यांचा विचार तर करवत नव्हता. कितीतरी खोल्या, दारं लावलेल्या, पडदे ओढलेले, आणि त्या प्रत्येक खोलीत बाबा पुन्हा मरत होते. रोज. अनोळखी माणसांच्या अंगावर शहारे आणत मरत होते. एके दिवशी भाजी चिरताना ती मोठ्याने म्हणाली, "अरे, निदान रडू तरी द्या रे!" आणि दचकून मागे बघितलं. मुलगी घरात नव्हती, हे नशीब.

मास्तरांकडे ती दुपारी गेली. मास्तर आता एका कानाने ठार बहिरे आणि दुसऱ्यात यंत्र. मुलाच्या घरी, मागच्या खोलीत, खिडकीशी बसलेले असतात. "मास्तर, ते पुराचं रडणं कुठंय?" तिने चहा यायच्या आधीच विचारलं. ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यातली ती नव्हती. कुठलं, कोणतं, असं त्यांनी काही विचारलं नाही. "स्टुडिओ बंद झाला तेव्हा मालकाने आवाजांची सगळी खोकी विकली," ते म्हणाले. "दारं, घोडे, पाऊस, गर्दी, तुम्ही. घेणाऱ्याने पुढे विकलं, त्याने आणखी पुढे. आता कॉम्प्युटरवर कुणालाही मिळतं ते. 'बाई, श्वास, एकटी' असं शोधायचं, की येतं." "तुम्हाला माहीत होतं?" मास्तरांनी कानातलं यंत्र काढलं, शर्टाला पुसलं, परत घातलं. "एकदा ऐकलं होतं. परगावी गेलो होतो, लॉजच्या शेजारच्या खोलीतून आलं. पहिल्यांदा वाटलं, तुम्हीच आहात, रडताय. म्हणजे आत्ता. उठून दार वाजवायला निघालो होतो बाई." "मग?" "मग कळलं काय चाललंय ते. भिंतीवर बुक्क्या मारल्या. बंद करा म्हणून ओरडलो. मॅनेजर आला वर. म्हणाला, आजोबा, तुमच्या वयाला नाही झेपत तर कापूस घाला कानात." ते हसले, आणि त्या हसण्याचं काय करावं ते तिला कळेना. "तेव्हाच का नाही पुसलंत?" तिने विचारलं. "हात जोडलेत, रडलात, मग एक बटण दाबायला काय झालं होतं?" "असं रडू परत मिळत नाही," मास्तर म्हणाले. "मी चूक केली असं म्हणायला पाहिजे मला. पण खोटं कशाला बोलू? आज तसं रडू आलं तरी मी ठेवीन. तुम्हीही ठेवाल." ती उठली. जिना उतरताना तिला जाणवलं की आपल्याला राग आलाय तो मास्तरांचा नाही. ते म्हणाले ते खरं होतं याचा आलाय.

नणंद वकील. नव्या कायद्यासाठी ती वर्षभर पायाला भिंगरी लावून फिरत होती: तसले व्हिडिओ बनवणं, विकणं, पसरवणं, सगळ्यावर बंदी, बघणाऱ्यालाही दंड. आमदारांची एक समिती लोकांचं म्हणणं ऐकून घेणार होती. रविवारी ती आली की भाचीशी तिचं हटकून वाजायचं. "आत्या, कायदा केलात की पकडणार कुणाला?" मुलगी म्हणाली. "ज्या पोरीचा व्हिडिओ तिलाच आधी चौकीत बसवतील. चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि घरात बसून कोण काय बघतं, त्यात सरकारने नाक का खुपसायचं? आज हे बंद, उद्या माझ्या गोष्टीतलं अस्वल नागडं आहे म्हणून ते बंद." "अस्वलाचं सांगू नकोस मला!" आत्या तडकली. "माझ्याकडे येतात त्या पोरी बघ एकदा. लग्न मोडलं, नोकरी गेली, एकीने तर... जाऊ दे. घरात बसून बघतात म्हणे! ज्या बाईचं बघतात तिला घर राहतं का, ते विचार." "मग जो तिच्या मर्जीविरुद्ध पसरवतो त्याला धरा ना. सगळ्यांना एका दावणीला कशाला बांधता?" "मर्जी! मर्जी कुठे दिसते गं चित्रात?" ती दोघींच्या मधे बसून कप विसळत होती, आणि जी बोलेल तिचं तिला पटत होतं. मर्जी चित्रात दिसत नाही. आवाजात ऐकू येते का? तिला वाटायचं येते. सगळ्या जन्माचा तिचा धंदाच त्या भरवशावर उभा होता, की माणसाच्या श्वासावरून त्याच्या आतलं कळतं. आणि लाखो लोकांनी तिचा श्वास ऐकला आणि एकालाही काही कळलं नाही.

मुलगी दुकानात गेल्यावर तिने नणंदेला सांगितलं. सगळं, बाबांपासून दुरुस्तीवाल्यापर्यंत. नणंद ऐकता ऐकता खुर्चीत मागे टेकली. "म्हणजे दादा गेला तेव्हा..." ती म्हणाली आणि थांबली. "वहिनी, मी इतकी वर्षं तुझ्याबद्दल काय समजत होते!" तिने वहिनीचा हात धरून ठेवला, नाक पुसलं, आणि मग, नणंद असली तरी वकीलच ती, म्हणाली, "तू हे समितीपुढे सांग." "आणि हिचं काय, ताई?" तिने कपाटाकडे बोट केलं. "आवाज एकच आहे आमचा. मी माझं म्हटलं की लोक ते हुडकून काढून ऐकणार, आणि मग हिला ऐकणार. पोरांच्या उशाशी कोण ठेवील हिला? झाकली मूठ सव्वा लाखाची." "मग स्वतःचं म्हणू नकोस. माझ्या ओळखीची एक बाई, असं सांग. एवढं तरी कर." एवढं करायला ती कबूल झाली. मुलीला म्हणाली, आत्याला मदत म्हणून धंद्याची माहिती द्यायला जातेय. मुलगी म्हणाली, "मीही येते. तुम्ही दोघी काय काय बंद करून येताय ते बघू तरी."

सभागृहात लाकडाचा आणि जुन्या पंख्यांचा वास होता. लांबलचक टेबलामागे समिती, मधे अध्यक्ष, आणि साक्षीदाराच्या पुढ्यात माइक, त्याच्या बुडाशी लाल दिवा. तो बघितल्यावर तिचा पाठीचा कणा आपोआप ताठ झाला. तिने घसा साफ केला, तोंड माइकपासून वीतभर लांब ठेवलं, आणि सांगितलं: माझ्या ओळखीची एक बाई आहे, तिचं रडणं असं असं भलतीकडे वापरलं गेलं. सुरुवातीला सगळे लक्ष देऊन ऐकत होते. मग एका सभासदाने चष्मा काढला. "ती बाई कुठे आहे?" "ती येऊ शकत नाही." "मग ऐकीव गोष्टींवर कायदा करायचा का आम्ही?" दुसरे एक होते, गोलमटोल, हसऱ्या चेहऱ्याचे, नणंदेने आधीच सांगितलं होतं की हे बंदीच्या बाजूचे, आपले. तेच म्हणाले, "बाई, तुमचा हेतू चांगला आहे. पण हे रडणं म्हणता ते काही पटत नाही. त्या बायका कशा आवाज काढतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. दुःख आणि चाळे यांतला फरक काय कळत नाही माणसाला? तुमच्या वकीलबाईंनी अर्जाला जोडलेलं ते आमच्याकडे पुराव्यादाखल आहे. हवं तर लावून दाखवू, तुम्हीच सांगा त्यात रडणं कुठे आहे." आणि त्यांनी शेजारच्या कारकुनाला खूण केली. कारकून यंत्राशी खाटखूट करायला लागला. नणंद उठून काहीतरी हरकत घेत होती. मागच्या रांगेत मुलगी बसलेली होती. म्हणजे आता ते इथे लागणार, या लाकडी खोलीत, हिच्या देखत, आणि ही सगळी माणसं मान खाली घालून ऐकणार, आणि बाबा इथेही मरणार.

"लावू नका," ती म्हणाली. "मीच देते आवाज. तो माझा आहे."

कारकुनाने यंत्रावरचा हात मागे घेतला. ती पुढे म्हणाली, "मला तुमचा कायदा कळत नाही. कुणी काय बघावं ते मी कोण सांगणार? मला एवढंच पाहिजे की जो आवाज मी त्या कामाला दिला नाही तो तिथे लावू नये. तो काढून घ्या तिथून." "म्हणजे तुम्ही बंदीच्या बाजूने की विरोधात?" अध्यक्षांनी पेन हातात धरून विचारलं. "बाजू सांगा, तशी नोंद करायचीय." तिने त्या पेनाकडे बघितलं. तिला वाटलं होतं, आता नेहमीसारखं सफाईने करून दाखवू, इतक्या विहिरींत पडलो, एक रडणं काय! तिने डोळे मिटले आणि अंधार झाला. पण काही येईना. आत नुसतं 'वा बाई, वा!' होतं, आणि त्याच्या पलीकडे पाणी, आणि पाण्याच्या पलीकडे बाहेरच्या खोलीत कुणीतरी डोळ्याला भिंग लावून बसलेलं. पहिला झाला का, असं त्याने विचारलं. आणि गळ्याची गाठ सुटली.

किती वेळ ते तिला याही वेळी कळलं नाही. डोळे उघडले तेव्हा समोरची सगळी माणसं टेबलाकडे बघत होती. गोलमटोल सभासद घाम पुसत होते. एकाने पाण्याचा पेला उगाच सरकवला. चष्मेवाल्याच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, दुकानातली ती पोरगी हसू दाबत होती तसंच. "पुरे, पुरे," अध्यक्ष घाईघाईने म्हणाले, तिच्याकडे न बघता. "समजलं आम्हाला. हे नोंदीतून काढून टाका रे. सभागृह आहे हे." म्हणजे त्यांनाही तेच ऐकू आलं होतं. समोर बसून, तोंडाकडे बघून, डोळ्यांतलं पाणी बघून, तेच. गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं, असं काहीतरी वेड्यासारखं तिच्या मनात आलं, आणि सगळ्यात जास्त भीती वाटली ती मागे वळून बघायची.

मागून खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. पावलं मधल्या वाटेने पुढे आली. शिपायाने अडवलं असावं, कारण ती थोडी अलीकडेच थांबली. मग तिला श्वास ऐकू आला, एक घोट, घशात अडकलेला, आणि लगेच त्यावर दुसरा. क्षणभर तिला कळेना की हा आपला की तिचा.

"आई," मुलगी म्हणाली, "कोण गेलं होतं गं?"

लाल दिवा अजून लागलेला होता. तिने माइक बाजूला केला नाही.

"तुझे आजोबा," ती म्हणाली.